युकीसानांचं युरोप

ताकासाकी स्टेशन मागे पडल्याशिवाय युकीसान डबा उघडत नसत. टोकियोतल्या उएनोला शिन्कान्सेनमध्ये, म्हणजे जपानच्या बुलेट ट्रेनमध्ये, बसल्यापासून पाऊण तास तो डबा रुमालात बांधलेला त्यांच्या मांडीवर असायचा, आणि मी शेजारी भुकेली बसलेली. डब्यात सोलापूरची कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. ताकासाकीनंतर गाडी डोंगरात शिरते आणि एकामागून एक बोगदे लागतात. कडक भाकरी चावताना होणारा आवाज शिन्कान्सेनच्या शांत डब्यात चार रांगा पुढे तरी जातोच. म्हणून युकीसान भाकरी फक्त बोगद्यात चावायचे. गाडी उजेडात आली की त्यांचा जबडा थांबायचा, ते भरल्या तोंडानं खिडकीबाहेर बघत बसायचे, आणि पुढचा बोगदा आला की पुन्हा कडाकडा सुरू.

"लोक झोपलेले असतात गं," ते म्हणायचे. "आपली भाकरी त्यांनी का ऐकायची?"

युकीसान हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. तोयोसूच्या ज्या ऑफिसात मी टेस्टिंगचं काम करते तिथे ते आमच्या टीमचे प्रमुख होते. त्यांचं आडनाव लांबलचक होतं, जपानी सहकाऱ्यांच्या जिभेवर ते काही बसेना. आणि हा माणूस तर दर दुसऱ्या वाक्यात बर्फाबद्दल बोलणार. तेव्हा कुणीतरी त्यांना युकीसान म्हणायला सुरुवात केली. युकी म्हणजे बर्फ, सान म्हणजे आपल्याकडचं 'राव'. पण तिकडे हे नाव बहुतेकदा बायकांचं असतं, त्यामुळे नव्या क्लायंटची माणसं मीटिंगला आली की खोलीभर नजर फिरवून एखादी बाई शोधायची. मग साडेपाच फुटांचा, मिश्यांचा, सोलापुरी उन्हात रापलेला गृहस्थ उठून वाकून नमस्कार करायचा. युकीसानांना या प्रसंगाचा कधीच कंटाळा आला नाही.

ते जपानला आले तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांचे होते आणि बर्फ त्यांनी फक्त फ्रीजमध्ये आणि उसाच्या रसात पाहिला होता. पहिल्याच हिवाळ्यात कामासाठी नागानोला जाताना त्यांच्या शेजारच्या सीटवर एक म्हातारी येऊन बसली. तिच्याकडे माणसाच्या उंचीची लांब पिशवी होती. युकीसानांनी मोडक्यातोडक्या जपानीत विचारलं, यात काय आहे? ती म्हणाली, स्की. त्यांना वाटलं नातवाची असेल. तर बाईंचीच होती. वय शहात्तर. सकाळच्या गाडीनं जायचं, दुपारपर्यंत डोंगरावरून घसरायचं, गरम पाण्याच्या कुंडात अंघोळ करायची आणि संध्याकाळच्या गाडीनं घरी, असा तिचा दर शनिवारचा रिवाज. युकीसान त्या दिवशी मीटिंगला पोचले, पण मन लागलं नाही. पुढच्या शनिवारी ते एकटेच त्याच गाडीत बसले.

डोंगरावर मोठ्या नवशिक्यांच्या वर्गात जागा उरली नव्हती. त्यांनी इतक्या विनवण्या केल्या, की शिकवणाऱ्या मुलीनं शेवटी त्यांना लहान मुलांच्या वर्गात घेतलं. पाच-सहा वर्षांच्या अकरा मुलांमागे हा बारावा. दिवसाच्या शेवटी प्रत्येकाला सशाचं चित्र असलेलं प्रमाणपत्र मिळालं. ते त्यांच्या टेबलावर शेवटपर्यंत होतं, कंपनीनं दिलेल्या कुठल्याशा मानचिन्हाच्या पुढे.

त्यांच्या सगळ्या कहाण्यांत आमच्या मजल्याला सर्वांत प्रिय होती ती बुटांची. स्कीचे नवीन बूट घट्ट होते आणि पायाला सवय व्हावी म्हणून त्यांनी एक आठवडाभर ते ऑफिसात, टेबलाखाली घालून बसायचं ठरवलं. कुणाला दिसत नव्हतं, कुणाची हरकत नव्हती. पण त्याच आठवड्यात भूकंपाची कवायत निघाली. घंटा वाजली, सगळे हेल्मेट चढवून जिन्याकडे निघाले. कवायतीत मागे वळायला, थांबायला, बूट बदलायला मनाई असते आणि युकीसान नियम मोडत नाहीत. अकरा मजले ते घोट्यात न वाकणारे प्लॅस्टिकचे बूट आपटत उतरले, खट्ट, खट्ट, आणि त्यांच्या मागे जिनाभर माणसं शिस्तीत खोळंबली. मी नेमकी त्यांच्या मागेच होते. हसू दाबून माझ्या बरगड्या दुखायला लागल्या. खाली कवायतीच्या प्रमुखानं वेळ सांगितली, त्या बुटांकडे पाहिलं आणि म्हणाला, "पुढच्या वेळी पादत्राणांचा विचार व्हावा." पुढच्या वर्षीच्या सूचनापत्रकात एक ओळ वाढली होती: खेळाचे बूट घालू नयेत. युकीसानांनी ती ओळ आम्हाला अभिमानानं दाखवली.

कामातही त्यांची भाषा डोंगराचीच. एखादं सॉफ्टवेअर घाईनं पुढे ढकलायचं चाललं असलं की म्हणायचे, "उतार दिसला म्हणून उडी मारायची नसते, आधी थांबता येतं का ते बघा." कुणाच्या हातून मोठी चूक झाली तर रागवायचे नाहीत. "पडायचं ठरलंच तर बसून पडावं. उभ्यानं पडलं की हाड जातं." म्हणजे चूक लवकर कबूल कर, ताठ राहू नकोस. हे कळायला मला एक वर्ष लागलं.

आणि त्यांची ती वही. जाड पुठ्ठ्याची, वर मराठीत 'युरोप' एवढंच लिहिलेलं. युरोपात भरधाव गाड्यांनी कुठल्या कुठल्या स्कीच्या गावांना जाता येतं ते सगळं त्यात होतं. पॅरिसहून आल्प्सला, झुरिकहून डोंगरातल्या खोऱ्यांत, म्युनिकहून ऑस्ट्रियात. सगळं पेन्सिलीनं, कारण तिकडे दर डिसेंबरला वेळापत्रक बदलतं आणि मग ते रबर घेऊन बसायचे. गाव वहीत यायचं तर एकच अट: गाडीच्या दारातून उतरल्यापासून डोंगरावर नेणाऱ्या पाळण्यापर्यंत मोटार लागता कामा नये. बस चालेल, कारण बसला वेळापत्रक असतं. टॅक्सी लागली की गाव बाद. इंटरनेटवरचे प्रवाशांचे व्हिडिओ पाहून त्यांनी स्टेशनपासूनची पावलंसुद्धा मोजून ठेवली होती.

"तुम्ही यातलं कुठलं बघितलंय?" मी एकदा विचारलं.

"एकही नाही."

"मग जात का नाही?"

"आई अंथरुणाला खिळलीय सोलापुरात. हिनं तिचं करायचं आणि मी आल्प्सवर घसरायचं, ते बरं दिसत नाही." ही म्हणजे काकू, त्यांची बायको. "जपानचं वेगळं. इथे मी नोकरीला आहे, शनिवार रिकामा असतो. युरोपला मात्र दोघांनीच जायचं."

ऑफिसात आम्हा सगळ्यांची समजूत अशी होती की काकूंना यात काडीचा रस नाही, आणि युकीसान स्वतःचीच समजूत घालतात.

मी त्यांच्यासोबत जायला लागले ते माझ्या लेकीमुळे. ती इथल्याच शाळेत जाते. पाचवीत शाळेची स्कीची सहल झाली, ती पटकन शिकली आणि घरी येऊन मला म्हणाली, तू नाही येऊ शकणार, तुला भीती वाटते. हे तिनं इतक्या सहज सांगितलं की मला रात्रभर लागून राहिलं. सोमवारी मी युकीसानांना विचारलं, चाळिशीत शिकता येतं का? त्यांनी कॅलेंडर उघडून शनिवारी सकाळच्या गाडीचं माझं तिकीट तिथल्या तिथे काढलं.

दोन हिवाळे मी त्यांच्या मागे मागे घसरले. इईयामाला उतरायचं, तिथून बस, मग डोंगर. ते माझ्या दहा पावलं पुढे, उलटं तोंड करून, हात पसरून, "बस, बस, गुडघे वाकव, माझ्याकडे बघ, स्कीकडे नको." हळूहळू मला जमायला लागलं. जमायला लागलं की माणूस आगाऊ होतो, तशी मी झाले.

तो गेल्या वर्षीचा जानेवारी होता. आधीच्या पावसाळ्यात त्यांच्या आई गेल्या होत्या आणि दिवाळीनंतर काकू टोकियोजवळ इचिकावाला त्यांच्या घरी राहायला आल्या होत्या. मार्चअखेर युकीसानांचं कंत्राट संपणार होतं, मग दोघं सोलापूरला परतणार. त्याआधी, फेब्रुवारीत, युरोप. व्हिसा झाला होता, गाड्या ठरल्या होत्या. त्या शनिवारी त्यांचं सगळं बोलणं त्याबद्दलच होतं.

दुपारी मी हट्टानं वरच्या उतारावर गेले. ते नको म्हणाले होते. मधेच धुकं उतरलं आणि मला पुढचं काही दिसेना. मी जागीच थिजले. युकीसान माझा आवाज ऐकत खालून, आडवं एकेक पाऊल टाकत वर आले आणि माझ्या खालच्या बाजूला उभे राहिले. म्हणाले, "घाबरू नकोस, हळूच माझ्याकडे वळ." मी वळले. पण हळू नाही. स्की सुटल्या आणि मी सरळ त्यांच्यावर गेले. आम्ही दोघं मिळून किती घसरलो कोण जाणे. थांबलो तेव्हा मला खरचटलंही नव्हतं, आणि त्यांचा उजवा पाय चुकीच्या दिशेला होता.

बचाव पथकाच्या दोन मुलांनी त्यांना स्लेजवर बांधून खाली नेलं. गुंडाळलेल्या अवस्थेतही ते त्या मुलांची जपानीतल्या सगळ्यांत आदराच्या भाषेत माफी मागत होते. इईयामाच्या दवाखान्यात फोटो काढला: घोट्याच्या वरचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन नको, पण प्लॅस्टर, आणि सहा आठवडे पाय टेकायचा नाही. युरोपला पाच आठवडे राहिले होते.

परतीच्या गाडीत ते दाराजवळच्या सीटवर पाय लांब करून बसले. मी रडत होते.  त्यांनी डबा काढून माझ्या हातात भाकरीचा तुकडा ठेवला.

"भूक नाही," मी म्हटलं.

"बोगदा आहे तोवर खाऊन घे," ते म्हणाले, आणि स्वतः चावायला लागले. टोकियोपर्यंत युरोपचा विषय त्यांनी काढला नाही.

ऑफिसात अपघाताचा कागद भरून द्यावा लागतो. त्यांनी लिहिलं: स्वतःचा वेग आवरता आला नाही. घरीही तेच सांगितलं असणार हे मला माहीत होतं. आठ दिवस मी गप्प बसले. रोज ते कुबड्या घेऊन यायचे, रोज हसून बोलायचे, आणि मी टेबलावरच्या त्या सशाकडे बघत राहायचे. शेवटी बसून पडायचं ठरवलं आणि रविवारी इचिकावाला गेले.

युकीसान तपासणीला गेले होते. काकू एकट्याच कचरा वेगळा करत बसल्या होत्या, बाटल्यांची झाकणं एकीकडे, वेष्टनं एकीकडे. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. ते आपणहून पडले नाहीत, मी पाडलं. वर जाऊ नको म्हणाले होते, मी गेले.

काकूंनी हातातलं झाकण पिशवीत टाकलं. "बस आधी," त्या म्हणाल्या. "चहा घेणार?"

"काकू, माझ्यामुळे तुमचं युरोप गेलं."

"गेलं कसं?"

"ते पुढच्या वर्षी बघू म्हणत होते."

"हो, मलाही म्हणाले. मला त्रास होईल म्हणतात. सामान, कुबड्या, गाड्या बदलणं." त्यांनी चहाचं पातेलं काढलं. "तुला माहितेय, सहा वर्षं रोज रात्री साडेआठला त्यांचा फोन यायचा. आईंचं विचारून झालं की ती वही वाचायचे. मी फोन स्पीकरवर ठेवायची आणि आईंचे पाय चेपत ऐकायची. आधी चिडायची मी. म्हटलं, इथे माझी ही गत आणि हा माणूस मला कसली स्टेशनं वाचून दाखवतो. मग सवय झाली. आईंनाही झाली. फोन आला नाही तर विचारायच्या, आज गाडी कुठवर गेली गं?"

 काकू चहाचं आधण ठेवता ठेवता म्हणायला लागल्या, शाळेतली कविता म्हणावी तशा: "पॅरिसहून सकाळची गाडी. डावीकडची खिडकी धरायची, तळं त्या बाजूला दिसतं. मूटिएला निम्मी गाडी रिकामी होते, आपण उतरायचं नाही. शेवटचं स्टेशन बूर-सँ-मोरीस. बाहेर पडलं की पूल, आणि पुलापलीकडे दोरखंडानं ओढलेली छोटी गाडी सरळ डोंगरावर. सात मिनिटं." त्यांनी गॅस बारीक केला. "मला सगळं पाठ आहे. आणि हे म्हणे, तुला त्रास होईल."

"पण सामान?"

"आईंना उचलत होते मी सहा वर्षं. दोन बॅगांचं काय मोठं."

युकीसान घरी आले तेव्हा काकूंनी दारातच सांगितलं की ठरल्याप्रमाणे जायचं आहे, डॉक्टरांना फक्त विमानाचं विचारा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. ते खुर्चीवर बसले आणि बराच वेळ बूट काढायचेच विसरले. एकच बूट होता खरं म्हणजे.

आणि ते गेले. मला रोज काकूंचे संदेश यायचे. पहिली गाडी पॅरिसहून अर्धा तास उशिरा सुटली तेव्हा काकूंनी लिहिलं: "इथे कुणी माफी मागत नाही, म्हणून हेच माझी माफी मागतायत." बूर-सँ-मोरीसला दोघांनी मिळून पावलं मोजली. वहीतल्या आकड्यापेक्षा चाळीस जास्त भरली. युकीसानांना ते फार लागलं, पण काकूंनी समजूत घातली की व्हिडिओ काढणारा माणूस उंच असेल.

वर पोचल्यावर मात्र वेगळंच झालं. शिकवणीच्या वर्गात दोघांची नावं त्यांनी आधीच घातली होती, आणि रद्द करायला विसरले होते. तिथल्या हॉटेलच्या गच्चीवर उन्हात, प्लॅस्टरचा पाय खुर्चीवर ठेवून ते बसले होते, शेजारी काकू. वर्गाचा मास्तर यादी घेऊन आला आणि त्यानं आडनाव पुकारलं. इतकं वाईट पुकारलं की युकीसानांना ते आपलं आहे हे कळलंच नाही. काकूंना कळलं. त्या उठल्या, शालीची घडी केली, नवऱ्याच्या मांडीवर ठेवली आणि गेल्या.

युकीसानांनी पाठवलेला व्हिडिओ माझ्याकडे आहे. हेल्मेट, खाली कपाळावर टिकली, भाड्याचा लाल कोट. पाच दिवस त्या रोज गेल्या. चौथ्या दिवशी त्या नवऱ्याच्या समोरून, त्याच्याकडे न बघता, सरळ खालपर्यंत गेल्या आणि कुंपणाला धडकून बसल्या. व्हिडिओ तिथे हलतो, कारण कॅमेरा धरणारा एका पायावर उभा राहिला होता. मागे त्यांचा आवाज येतो, "बसून पडली. बघ, बसून पडली."

वहीतल्या स्वित्झर्लंडमधल्या एका गावालाही ते गेले, जिथे मोटारीच जात नाहीत. परत आल्यावर युकीसान आठवडाभर फक्त त्या गावातल्या शांततेबद्दल बोलत होते. पण काकूंचं लक्ष कॅलेंडरवर होतं. मार्चचे चार शनिवार उरले होते. त्यांनी मला फोन केला.

"सकाळची गाडी किती वाजता असते?"

"पण युकीसानांची कुबडी अजून सुटली नाही ना?"

"त्यांचं राहू दे," काकू म्हणाल्या. "मी माझं विचारतेय."

त्या शनिवारी आम्ही तिघी निघालो, काकू, मी आणि माझी लेक. युकीसान एक कुबडी घेऊन उएनोला आम्हाला पोचवायला आले. जमिनीखाली खोलवर फलाट, चार सरकते जिने. ते सगळ्यांच्या आधी पोचले होते आणि आमचा डबा नेमका कुठे थांबतो त्या खुणेवर उभे होते. त्यांनी काकूंचे बूट तपासले, हातमोजे तपासले, वरच्या उताराला जायचं नाही असं दोनदा सांगितलं, आणि ते माझ्याकडे बघून सांगितलं. गाडी आली. काकू आणि लेक आत गेल्या. मी दारात थांबले.

"युकीसान," मी म्हटलं, "पायाचं मी तुम्हाला नीट कधी बोललेच नाही."

ते हसले. कुबडी एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतली. "मी धड असतो तर ही गच्चीवर कॉफी पीत बसली असती, आणि मी वर एकटा," ते म्हणाले. "पाच दिवस तिला येताना बघितलं मी. ते वर जाऊन दिसलं नसतं. जा, दार लागतंय."

मी आत जाऊन बसले. ते फलाटावर तसेच हात वर करून उभे होते आणि गाडी हलल्यावर कुबडी टेकत दोन पावलं बरोबर आले. काकूंचं खिडकीकडे लक्षच नव्हतं. त्या माझ्या लेकीचे दोन्ही हात धरून डावीकडे कसं वळायचं ते समजून घेत होत्या.